ग्रीस मारायचं काम कोणाचं? वंगणाचं शिक्षण, सोप्या भाषेत

विदर्भातल्या हिंगणघाट, वणी किंवा पांढरकवड्याच्या कोणत्याही जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, दिवाळीच्या सुमारास जाऊन पाहा. कापसाच्या गाड्या रांगेत लागलेल्या असतात, मशिनी नुकत्या सुरू झालेल्या असतात आणि ग्रीसगन घेऊन फिरणारा माणूस बहुतेक वेळा तिथला सगळ्यात नवा माणूस असतो. फिटरला मान आहे, इलेक्ट्रिशियनला मान आहे, वेल्डरचं तर विचारूच नका. ग्रीस मारायला मात्र ‘पाठवा त्या पोट्ट्याले’. त्याचं प्रशिक्षण एका वाक्यात आटोपतं: निपल (ग्रीस आत सोडायचं बोंडुक) दिसलं की चार पंप मार, आवाज आला तर अजून चार मार.

त्या चार पंपांमागं अख्खं शास्त्र आहे. त्याचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, जगभर चालणारी प्रमाणपत्रं आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. कारखान्यात रोज निर्णय घ्यावा लागतो असं हे काम आहे, आणि ते आपण निर्णय घ्यायला कधीच न शिकवलेल्या माणसाकडं सोपवतो. कोणतं वंगण, किती, कुठं, कधी आणि किती स्वच्छ, या पाच प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर ‘चार पंप मार’मध्ये नाही.

शास्त्राचं नाव ट्रायबॉलॉजी. दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात किंवा फिरतात तेव्हा मधल्या जागेत काय घडतं, त्याचा हा अभ्यास. घर्षण, झीज आणि वंगण हे तिन्ही त्यात एकत्र येतात. बंडीच्या आखाला एरंडीचं तेल लावणाऱ्या आपल्या आजे-पणज्यांना त्यातलं व्यवहाराचं ज्ञान होतंच. पण स्वतंत्र विषय म्हणून त्याला ओळख मिळाली ती 1966 साली, ब्रिटनमध्ये. पीटर जोस्ट यांच्या समितीनं तिथल्या सरकारला अहवाल दिला की घर्षण आणि झीज नीट हाताळली तर देशाचे वर्षाला 51.5 कोटी पौंड वाचतील. गंमत अशी की त्या अहवालाचा विषयच मुळात शिक्षण आणि संशोधन हा होता. ज्ञान पुस्तकात आहे, पण मशीनजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाही, हे दुखणं तेव्हाच ओळखलं गेलं होतं. पुढं 2017 मध्ये होल्मबर्ग आणि एर्देमीर या संशोधकांनी जगाचा हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे 23 टक्के ऊर्जा या घासाघाशीपायी जाते. त्यातले 20 टक्के घर्षणावर मात करण्यात, आणि 3 टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवण्यात.

तेलाच्या थरावर तरंगणारा शाफ्ट

वंगण म्हणजे ‘चिकट काहीतरी लावलं की मऊ चालतं’ असं आपण धरून चालतो. खरी गोष्ट जास्त मजेशीर आहे, आणि ती एका लाकडी बुचामुळं उघड झाली. 1883 च्या सुमारास ब्रिटनमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या वरच्या बाजूला तेल सोडण्यासाठी त्यानं भोक पाडलं. मशीन सुरू केली तर तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊ लागलं. त्यानं बूच ठोकलं. बूच हळूहळू बाहेर ढकललं गेलं. शेवटी दाब मोजायचं मीटर लावलं, तेव्हा बेअरिंगवर सरासरी जितका दाब होता त्याच्या दुपटीहून जास्त दाब तेलातच तयार झालेला दिसला.

म्हणजे फिरणारा शाफ्ट (मशीनचा दांडा) स्वतःच तेलाला स्वतःखाली ओढतो, निमुळत्या फटीत पाचरीसारखं दाबतो आणि त्या दाबावर उचलला जातो. धातू धातूला लागतच नाही. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. भरपावसात डांबरी रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून मोटरसायकल जोरात गेली की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं आणि ब्रेक लागेनासा होतो, तसंच हे. रस्त्यावर जे जिवावर बेततं, तेच बेअरिंगमध्ये हवं असतं.

मात्र हा थर फुकट मिळत नाही. त्याला वेग लागतो, पुरेसं दाट तेल लागतं आणि भार हाताबाहेरचा असून चालत नाही. 1902 साली रिचर्ड श्ट्रीबेक यांनी मोजमापं करून दाखवलं की या तीन गोष्टींचा मेळ बदलला की घर्षण कसं बदलतं. वेग भरपूर असेल तर पूर्ण थर तयार होतो. वेग कमी झाला की थर पातळ होतो, धातूची उंच टोकं मधूनमधून एकमेकांना लागतात. अगदी सुरू होताना आणि बंद होताना तर थर जवळजवळ नसतोच. तिथं तेलात मिसळलेली रसायनं धातूवर अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा धरतात आणि वेळ मारून नेतात. सुरू-बंद, सुरू-बंद करणारी मशीन सलग चालणाऱ्या मशीनपेक्षा लवकर झिजते ती याचमुळं. लाइट दिवसातून दहादा जाणाऱ्या फीडरवर मिल असेल तर हा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही.

आता आपल्या डबल रोलर जिनकडं पाहा. रोलर हळू फिरतात. बीटरचा, म्हणजे सरकीला ठोकून रुईपासून सोडवणाऱ्या भागाचा, शाफ्ट तर पूर्ण फेरीच घेत नाही, नुसता मागेपुढे झुलत राहतो. प्रत्येक झोक्याच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो आणि थर मोडतो. त्यामुळं जोरात फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला जे ग्रीस छान चालतं, तेच या झुलणाऱ्या बेअरिंगला पुरेल असं नाही. इथं झीज अडवणारी रसायनं असलेलं, आणि बाजूला सरकलं तरी परत जागेवर येणारं वंगण पाहावं लागतं. एकाच शेडमध्ये पाच फुटांच्या अंतरावर दोन वेगळी दुखणी असतात, आणि आपण दोन्हीकडं एकाच डब्यातलं ग्रीस मारतो.

चंद्रपूरचा मे आणि डब्यावरचा आकडा

तेलाच्या डब्यावर 68, 150, 220, 320 असे आकडे असतात. दुकानात आपण ‘220 नंबर द्या’ म्हणतो. हा आकडा गुणवत्तेचा नाही. 320 हे 220 पेक्षा ‘भारी’ तेल नव्हे, फक्त जास्त दाट आहे. आयएसओ 3448 या मानकाप्रमाणं हा दाटपणा 40 अंश सेल्सिअसला, सेंटीस्टोक या एककात मोजलेला असतो, आणि त्यात 10 टक्के कमी-जास्त चालतं. अंदाज यावा म्हणून सांगतो, 20 अंशाला पाण्याचा दाटपणा साधारण 1 सेंटीस्टोक भरतो.

खरी मेख ‘40 अंशाला’ या शब्दांत आहे. तेल तापलं की पातळ होतं आणि ते किती पातळ होतं याची आपल्याला कल्पना नसते. साध्या खनिज तेलातलं 220 नंबर घेतलं तर 40 अंशाला ते 220 सेंटीस्टोक असतं. 60 अंशाला ते साधारण 80 वर येतं आणि 80 अंशाला 35 च्या आसपास. उलट गोंदियाच्या डिसेंबरातल्या पहाटे, 10 अंशाला, तेच तेल 2000 च्या घरात जातं. तेल एकच, ऋतू दोन, आणि दाटपणात पन्नास-साठ पटींचा फरक. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरच पारा 45 च्या वर असतो. त्यात पत्र्याचं शेड, त्यात गिअरबॉक्सची स्वतःची उष्णता. आतलं तेल 80-85 ला पोहोचणं ही काही फार अनोखी गोष्ट नाही. सर्वसाधारण मोटरी 40 अंशाचं भोवतालचं तापमान गृहीत धरून बनवलेल्या असतात, हेही इथंच सांगून ठेवतो. आपला उन्हाळा त्या हिशेबात बसत नाही.

मग उन्हाळ्यात सरळ दाट तेल ओतावं का? नाही, इथंच शिकलेल्या माणसाचं काम सुरू होतं. गरजेपेक्षा दाट तेल घुसळताना गिअर स्वतःच जास्त उष्णता तयार करतात, म्हणजे उपाय करायला गेलो आणि गिअरबॉक्स आणखी तापला. शिवाय थंडीत तेच तेल मोटरवर लोड टाकतं. आधी गिअरबॉक्सवरची पाटी वाचायची. तापमान खरोखर किती आहे ते मोजायचं. हात लावून ‘लय गरम आहे’ म्हणणं हे मोजमाप नव्हे, कारण साठ अंशाला कुणीही हात काढतोच. मग तापमानानं कमी पातळ होणारं, म्हणजे जास्त व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं तेल परवडतं का ते पाहायचं. सिंथेटिक तेल यात सरस असतं पण किंमत कितीतरी जास्त. ती किंमत कुठं वसूल होते आणि कुठं नाही, हे मालकाला आकड्यांत सांगता आलं पाहिजे. त्यासाठी एक ठोकताळा उपयोगी पडतो: तेल तापलेलं असताना त्याचं तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पंप नव्हे, ग्रॅम

ग्रीस म्हणजे दाट तेल, असा एक समज आहे. ग्रीस म्हणजे तेल धरून ठेवणारा साबण किंवा साबणासारखा घटक. लिथियम, कॅल्शियम किंवा पॉलियुरिया अशा घटकांची जाळी तेल धरून ठेवते आणि थोडं थोडं सोडत राहते. काम तेलच करतं. डब्यावरचा 2 किंवा 3 हा एनएलजीआय नंबर फक्त ग्रीस किती घट्ट आहे ते सांगतो. ठरावीक वजनाचा शंकू 25 अंशाला घुसळलेल्या ग्रीसमध्ये सोडतात. तो 26.5 ते 29.5 मिलिमीटर खोल गेला तर ते 2 नंबर. आतलं तेल किती दाट आहे हे त्यावरून कळत नाही, ते वेगळं पाहावं लागतं. आणि रंग? रंग म्हणजे कंपनीनं टाकलेला डाय. ‘लाल ग्रीस गरम चालते, पिवळी हलकी असते’ हे ज्ञान तालुक्याच्या प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं आणि त्याला काडीचा आधार नाही.

आता चार पंपांकडं येऊ. बेअरिंगला पुन्हा भरायच्या ग्रीसचा एक साधा हिशेब जगभर वापरतात: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले 0.005. उत्तर ग्रॅममध्ये येतं. 6310 नंबरचं बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास 110, रुंदी 27. म्हणजे 110 गुणिले 27 गुणिले 0.005, साधारण 15 ग्रॅम. आता तुमची ग्रीसगन एका पंपात किती ग्रीस टाकते? हे बंदुकीगणिक बदलतं. कुणाची 1 ग्रॅम टाकते, त्याला 15 पंप लागतील. कुणाची दीड ग्रॅम टाकते, त्याला 10 पुरतील. म्हणून नवी बंदूक हातात आली की कागदावर दहा पंप मारायचे, वजन करायचं, दहानं भागायचं आणि तो आकडा पेंटनं बंदुकीवरच लिहून टाकायचा. खर्च शून्य. हे एवढं एक काम बहुतेक मिलमध्ये कधीच झालेलं नसतं.

जास्त ग्रीस मारलं तर काय बिघडतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, कारण ‘जास्त झालं तर बाहेर येईल’ असं सगळ्यांना वाटतं. बाहेर यायला वाट असेल तर येईल. नसेल तर बेअरिंगमधल्या गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, तापमान चढतं, तेल जाळीतून सुटून वाहून जातं आणि मागं कोरडा साबण उरतो. दाब वाढून सील फाटतं. मोटरमध्ये तर ते आत, वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर जातं. मग बेअरिंग आवाज करतं, आणि आवाज आला म्हणून पोट्टा अजून चार पंप मारतो. ‘काय करून राह्यला रे?’ ‘ग्रीस मारून राह्यलो काकाजी, गरम होऊन राह्यलं ना ते.’ हे संभाषण कुठल्याही शेडमध्ये ऐकू येईल. जिनिंगमध्ये त्याला आणखी दोन शेपट्या आहेत. बाहेर आलेल्या ग्रीसवर रुईचे तंतू चिकटून बोळे तयार होतात, आणि तापलेल्या बेअरिंगशेजारी तेलकट कापूस म्हणजे आगीला आवतण. दुसरं, ग्रीसचे डाग पडलेली रुई गाठीत गेली की भावावर बोट ठेवायला घेणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

ग्रीस कधी मारायचं याचं उत्तर बेअरिंगचा वेग, आकार आणि तापमान यांवर ठरतं. तक्ते मिळतात, ते वाचता आले पाहिजेत. बेअरिंगचं तापमान 70 अंशांच्या वर गेलं की दर 15 अंशांमागं मुदत निम्मी करायची, एवढं लक्षात ठेवलं तरी उन्हाळा निभतो. दोन्ही बाजूंनी सील असलेल्या बेअरिंगला तर ग्रीस मारायचंच नसतं. आणि दोन वेगळ्या साबणांची ग्रीस मिसळायची नाही. पुष्कळ मोटरींमध्ये कंपनीतून पॉलियुरियाचं ग्रीस भरून येतं, आपण वरून लिथियमचं मारतो, आणि दोघांचं जमलं नाही तर मिश्रण पातळ होऊन गळून जातं. ‘ग्रीस हलकी निघाली’ म्हणून दुकानदाराला शिव्या बसतात.

एक गोष्ट इथं नाही सांगितली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. हातानं चालवायच्या ग्रीसगनचा दाब 10,000 पीएसआयपर्यंत, म्हणजे चौरस इंचाला 10,000 पौंडांपर्यंत, जाऊ शकतो. फाटलेल्या नळीवर किंवा तोंडावर बोट ठेवून दाबलं तर ग्रीस कातडी फोडून आत शिरतं. जखम सुई टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, म्हणून माणूस चिंधी गुंडाळून कामाला लागतो. काही तासांत आतलं मांस मरायला लागतं आणि बोट कापायची वेळ येते. अशा वेळी मलमपट्टी करून घरी पाठवायचं नाही. ‘दाबानं ग्रीस आत गेलंय’ असं स्पष्ट सांगून, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात त्याच दिवशी, त्याच तासाला न्यायचं.

न दिसणारा कचरा

गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर बहुतेक वेळा एखाद्या मायक्रॉनच्या आसपास असतो, कधी त्याहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्याला साधारण 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसत नाही. म्हणजे जो कण थर फोडून धातूला ओरखडा पाडतो तो डोळ्याला दिसणारच नाही. बोटांवर तेल चोळून ‘साफ आहे’ म्हणणं हे म्हणून निरुपयोगी. कण मोजायला आयएसओ 4406 ही पद्धत आहे. एक मिलिलिटर तेलात 4, 6 आणि 14 मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, ते 18/16/13 अशा तीन आकड्यांत लिहितात. आकडा एकनं वाढला की कण दुप्पट. म्हणजे 18 वरून 21 म्हणजे आठपट घाण. दिसायला तीनचाच फरक.

विदर्भात कचऱ्याची जातही गावानुसार बदलते. गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिलमध्ये भाताच्या तुसाची धूळ असते आणि तुसात भरपूर सिलिका, म्हणजे वाळूचंच द्रव्य. ती धूळ गिअरबॉक्समध्ये गेली की पॉलिश पेपरचं काम करते. गडचांदूर-आवारपूर भागात सिमेंटची धूळ, वणी-घुग्घुसकडं कोळशाची. राइस मिलमध्ये आणखी एक बंधन, तांदळाला लागण्याची शक्यता असेल तिथं एच-1 दर्जाचं, खाद्याशी अपघातानं संपर्क आला तरी चालेल असं वंगणच हवं.

पण सगळ्यात जास्त घाण आपण स्वतः घालतो. ड्रम बाहेर उघड्यावर उभा ठेवलेला असतो. दिवसा 45 अंशाला आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड झालं की ड्रम हवा ओढतो, आणि वर झाकणाच्या खळग्यात पावसाचं पाणी साचलेलं असेल तर बुचातून तेही आत ओढतो. बूच घट्ट असलं तरी. उपाय साधा. छपराखाली ठेवा. नसेल जमत तर ड्रम आडवा करा आणि दोन्ही बुचं घड्याळातल्या 3 आणि 9 च्या जागी येतील असा फिरवा, म्हणजे बुचाला आतून तेल टेकून राहतं आणि हवा ओढली जात नाही. मग येतो कापलेला पाण्याचा डबा, फनेलऐवजी. त्यानं तेल ओतायचं थांबवलं तरी निम्मी लढाई जिंकली. नवं तेलसुद्धा ड्रममधून काढून गाळूनच मशीनमध्ये टाकायचं असतं, हे ऐकून मालक लोक हमखास हसतात.

तेलात पाणी आहे का ते पाहायची गावठी वाटावी अशी पण मान्यताप्राप्त पद्धत आहे. साधारण 160 अंशाला तापवलेल्या प्लेटवर एक थेंब टाकायचा, डोळ्यांवर चष्मा लावून. तडतडला तर पाणी आहे. किती आहे ते मात्र प्रयोगशाळाच सांगेल.

प्रयोगशाळेत तेल पाठवणं म्हणजे मशीन न उघडता आत डोकावणं. लोखंड वाढलं तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय, तांबं आणि कथील दिसलं तर ब्राँझचा भाग, सिलिकॉन म्हणजे बहुतेकदा धूळ, अर्थात फेस रोखणाऱ्या रसायनातूनही तो येतो. इथं एक फसगत शिकून घ्यायला हवी. नेहमीची धातू मोजायची चाचणी साधारण 8 मायक्रॉनपर्यंतचेच कण नीट पकडते. बेअरिंगचे मोठे तुकडे निघत असतील तर रिपोर्ट साफ येतो आणि आठवड्यात बेअरिंग बसतं. त्यासाठी लोहकण वेगळे मोजणाऱ्या चाचण्या मागाव्या लागतात. आणि नमुना ड्रेन प्लग उघडून काढायचा नसतो, तिथं वर्षभराचा गाळ असतो. मशीन चालू असताना, फिरत्या तेलातून, फिल्टरच्या आधी, दर वेळी त्याच जागेवरून.

प्रशिक्षण कुठं, कसं

इतकं वाचल्यावर कळलं असेल की हे शिक्षण दोन वेगळ्या पातळ्यांचं आहे. ट्रायबॉलॉजी म्हणून जे शिकवतात ते एम.टेक., पीएच.डी.चं, गणित आणि प्रयोगशाळेचं. आयआयटी दिल्लीत औद्योगिक ट्रायबॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण अनेक वर्षं दिलं गेलं. दुसरी पातळी शेडमधली. आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये वंगणाचा धडा असतो, पण दोन वर्षांच्या गर्दीत तो पानभर होऊन जातो.

शेडमधल्या माणसासाठी जगभर चालणारी प्रमाणपत्रं मुख्यतः दोन संस्थांची. इंटरनॅशनल काउन्सिल फॉर मशिनरी लुब्रिकेशन, म्हणजे आयसीएमएल, ही 2001 मध्ये सुरू झालेली संस्था. तिची पहिली पायरी मशीन लुब्रिकेशन टेक्निशियन, लेव्हल 1. ग्रीसगन हातात असलेल्या माणसासाठीच ती आहे. किमान 16 तासांचं प्रशिक्षण आणि कामाचा अनुभव लागतो, मग 100 पर्यायी प्रश्न, तीन तास, पास व्हायला 70 टक्के. पुढं लेव्हल 2, तेल तपासणीसाठी मशीन लुब्रिकंट अ‍ॅनालिस्ट, आणि अगदी वर मशिनरी लुब्रिकेशन इंजिनिअर. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण. दुसरी अमेरिकेतली एसटीएलई, म्हणजे सोसायटी ऑफ ट्रायबॉलॉजिस्ट्स अँड लुब्रिकेशन इंजिनिअर्स, तिचं सर्टिफाइड लुब्रिकेशन स्पेशलिस्ट हे अनुभवी लोकांसाठी आहे.

पैसे भरण्याआधी एक भेद पक्का करा. आयसीएमएल स्वतः शिकवत नाही, फक्त परीक्षा घेते. शिकवणारे वेगळे. त्यामुळं दोन दिवस बसल्यावर मिळणारं ‘सहभागाचं प्रमाणपत्र’ आणि परीक्षा पास केल्याचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि जाहिरातीत ती सरमिसळ मुद्दाम ठेवलेली असू शकते. परीक्षेची फी धरली आहे का, कोणत्या लेव्हलची, आणि शिकवताना ग्रीसगन, नमुन्याची बाटली, उघडलेलं बेअरिंग हातात देणार की नुसत्या स्लाइड दाखवणार, हे विचारा. तेल कंपन्यांची शिबिरं बरीचशी फुकट असतात आणि माहितीही चांगली देतात. शेवटच्या तासाला त्यांचंच तेल सगळ्यात चांगलं निघतं एवढं गृहीत धरून बसावं.

वणीच्या पोराला हे प्रमाणपत्र लागलीच नोकरी देईल असं मी म्हणणार नाही. वाचायचं साहित्य बहुतेक इंग्रजीत, फी खिशाला जड. सिमेंट, वीज, कोळसा, कागद अशा मोठ्या उद्योगांत त्याची किंमत कळते, जिनिंगमध्ये कळायला वेळ आहे. माझ्या मते क्रम उलटा ठेवावा. आधी आपल्याच मिलमधल्या प्रत्येक निपलची वही करा: कोणतं बेअरिंग, कोणतं ग्रीस, किती ग्रॅम, किती दिवसांनी. ही वही म्हणजेच लेव्हल 1 चा अर्धा अभ्यास आहे, आणि एक सीझन ती पाळली की बदललेल्या बेअरिंगचा हिशेब मालकासमोर ठेवता येतो. मग त्याच्याकडून फी मागा.

काढलेल्या तेलाचंही त्या वहीत एक पान असू द्या. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांप्रमाणं घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. आपल्याकडं ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला, नाहीतर सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं, उरलेलं नालीत. त्यात झिजलेले धातू आणि अर्धवट जळलेली रसायनं असतात, नाली पुढं कुणाच्या तरी विहिरीकडंच जाते.

शिकायला जिनिंगवाल्यांकडं वेळ नाही असं म्हणता येत नाही. मार्च-एप्रिलला सीझन संपला की मशिनी पार ऑक्टोबरपर्यंत बंदच असतात. बंद मशीनही झिजत असते, गंजानं. चार महिन्यांच्या दमट हवेत उभ्या शाफ्टच्या गोळ्या जिथं टेकलेल्या असतात तिथंच खड्डे पडतात, म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी शाफ्ट हातानं काही फेऱ्या फिरवून वेगळ्या जागी थांबवायचे. आणि गिअरबॉक्सचं तेल बदलायची आपली वेळही चुकीची आहे. आपण दसऱ्याला, पूजेच्या आधी, मशिनी पुसता पुसता तेल बदलतो. तोवर आम्ल आणि पाणी धरलेलं जुनं तेल सहा महिने गिअरांना चिकटून बसलेलं असतं. ते सीझनच्या शेवटच्या दिवशी काढायचं, गिअरबॉक्स गरम असतानाच, म्हणजे तळाचा गाळही सोबत निघतो. मग नवं तेल भरायचं, गिअरबॉक्स दहा मिनिटं रिकामा फिरवायचा आणि नंतर शेडला कुलूप लावायचं.